लॅटिन मीस परत आणायची ती कुणासाठी?

दिवाडकर
परवा इथे एका सदस्याने लिहिलं, की १९६९ साली नवी मीस (चर्चमधली मुख्य उपासना) आणून चर्चने आपलंच घर मोडलं, कोंकणी मीस म्हणजे गिटार आणि टाळ्या, आणि गोव्यातल्या इगर्जींत (चर्चमध्ये) लॅटिन परत आल्याशिवाय तरुण पोरं तिथे पाऊल टाकणार नाहीत. दोनदा वाचलं. राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी आई १९३८ ची. मी जन्मलो तोवर तिने फक्त लॅटिन मीस पाहिली. 'पाहिली'च म्हणतो, कारण ऐकण्यासारखं तिच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. पाद्री आल्ताराकडे (वेदीकडे) तोंड करून हळू आवाजात म्हणायचा, बायका मागे मणी ओढत तेर्स (जपमाळ) करायच्या. घंटी वाजली की मान खाली. शेर्मांव (प्रवचन) तेवढा कोंकणीत. मग एका रविवारी पाद्री लोकांकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, 'ही म्हजी कूड', हे माझं शरीर. आई सांगायची, शेजारच्या म्हातारीने तिचा हात घट्ट धरला आणि विचारलं, "इतकी वर्सां तो हेंच सांगतालो?" ही गोष्ट सांगताना आईचा आवाज शेवटपर्यंत कापायचा. ह्याला घर मोडणं म्हणायचं?

वाचनांबद्दल तर कुणी बोलतच नाही. जुन्या पद्धतीत रविवारी बायबलमधलं एक पत्र आणि एक शुभवर्तमान, दर वर्षी तीच. आता तीन वर्षांचं चक्र आहे, जुन्या कराराचं वाचन आहे, स्तोत्र आहे. माझी आई चौथी शिकलेली. यशया संदेष्टा कोण हे तिला नव्या मीसेमुळे कळलं.

साष्टीकर
ती पोस्ट माझी, आणि मी एक शब्द मागे घेत नाही.

दिवाडकर बाब, तुमच्या आईबद्दल आदर आहे. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने काय ठरवलं आणि नंतर काय झालं ह्यात फरक करा. ४ डिसेंबर १९६३ चा उपासनेवरचा दस्तऐवज उघडा. कलम ३६ मध्ये लॅटिनचा वापर राखावा असं लिहिलंय. कलम ११६ मध्ये ग्रेगोरियन गायनाला मानाचं स्थान दिलंय. पाद्रीने लोकांकडे तोंड करावं असं त्या दस्तऐवजात एकही वाक्य नाही. मग आमच्या इगर्जेतला सागवानी कठडा, जिथे गुडघे टेकून कोमुन्यांव (पवित्र भाकर) घ्यायचे, तो कुणाच्या सांगण्यावरून उपटला? त्यातले चार खांब मी स्वतः पाहिलेत, एका घराच्या पडवीत फुलझाडांच्या कुंड्यांना आधार म्हणून. माझ्या पणजोबांनी त्या कठड्यासाठी वर्गणी दिली होती.

मी चौतीस वर्षांचा आहे, तेव्हा जुन्या आठवणींचा उमाळा आलाय असं कुणी म्हणू नये. फ्रान्समध्ये नोकरीला असताना पहिल्यांदा जुनी मीस पाहिली. तासभर कुणी मला हसवायचा, टाळ्या वाजवायला लावायचा प्रयत्न केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, इथे आपण महत्त्वाचे नाही, देव महत्त्वाचा आहे. परत आल्यावर इथल्या एका पाद्रीला विचारलं, महिन्यातून एकदा होईल का? जुन्या मीसेला पोप बेनेडिक्टांनी २००७ साली दिलेल्या परवानगीचा कागद छापून नेला होता. त्यांनी तो हातातही घेतला नाही. "तुका नाटक जाय?" म्हणाले, तुला नाटक हवंय का म्हणून. आता २०२१ पासून तर पोप फ्रान्सिस यांनी दारच जवळजवळ लावून टाकलंय.

डिचोलकर
मी हिंदू, तुमच्या वादात पडायचा अधिकार नाही, पण राहवत नाही. आमच्या देवळात भटजी संस्कृतात म्हणतात, शंभरातल्या नव्वदांना कळत नाही. तरी अभिषेक चालू असताना जे वाटायचं ते वाटतंच. पूजा मराठीत सांगायला लागले तर मीच पहिला उठून जाईन. साष्टीकर म्हणतात ते मला पटतं.

वसईवाली
डिचोलकर, त्याच देवळात संध्याकाळी कीर्तन कुठल्या भाषेत होतं? माउलींनी गीता मराठीत का आणली? तुमच्याकडे दोन्ही आहे, म्हणून तुम्हांला निवड करावी लागत नाही.

मी वसईची, लग्न होऊन म्हापशात आले. माहेरी मिस्सा मराठीत. बाबा वारले तेव्हा अंत्यविधीची प्रत्येक ओळ मला कळली, आणि त्या दिवशी तेवढाच आधार होता. लॅटिनमध्ये असती तर मी फक्त शवपेटीकडे बघत बसले असते.

आणि तुम्ही दोघंही एक गफलत करताय. नवी मिस्सा म्हणजे लोकभाषेतली आणि जुनी म्हणजे लॅटिनमधली, असं नाही. नव्या मिस्सेचं, म्हणजे पोप पॉल सहाव्यांचं मिस्सापुस्तक मुळात लॅटिनमध्येच आहे. ते आजही लॅटिनमध्ये, वेदीकडे तोंड करून, ग्रेगोरियन गात म्हणता येतं. साष्टीकरांना शांतता हवी असेल तर त्यासाठी जुन्या मिस्सेच्या १९६२ च्या पुस्तकाकडे जायची गरज नाही.

बार्देशी
सगळे 'कोंकणी मीस' म्हणताय. कुठली कोंकणी? माझ्या गावातलं मीसेचं पुस्तक रोमीत, म्हणजे रोमन लिपीत. माझी मुलगी शाळेत देवनागरी कोंकणी शिकली, तिला ते पुस्तक अडखळत वाचावं लागतं. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी म्हणजे देवनागरीतली कोंकणी. मग इगर्जेत वेगळा कायदा आहे का? आधी हे सोडवा, मग लॅटिनकडे वळा.

डिचोलकर
कोंकणीचाच हट्ट का? राशोलला १६१६ साली फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण छापलं ते मराठीत, ओव्यांत. इंग्लंडहून आलेल्या माणसाला इथल्या लोकांशी मराठीत बोलावंसं वाटलं. मग आज गोव्यात मराठी मीस का नको?

बार्देशी
तो चावून चोथा झालेला मुद्दा इथे आणू नका. त्याच स्टीफन्सनी कोंकणीचं व्याकरणही लिहिलंय, ते सोयीस्कर विसरता. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही ह्यावरच्या १९६७ च्या जनमत कौलात माझ्या आजोबांनी कशासाठी रात्री जागवल्या हे तुम्हांला सांगायला हवं का?

साष्टीकर
बार्देशी बाब, रोमीला हात लावायचा नाही. माझी आजी रोमीतच वाचते. तिच्यासाठी कोंकणी म्हणजे तीच अक्षरं. तुमच्या मुलीला अडखळायला होतं म्हणून आजीच्या हातातलं पुस्तक काढून घेणार?

बार्देशी
आजीच्या हातातलं पुस्तक काढू नका म्हणता, आणि दिवाडकरांच्या आईच्या कानातली भाषा काढून लॅटिन घाला म्हणता! आपण काय लिहितोय ते एकदा वाचून पाहा.

साष्टीकर
काढून घाला असं मी म्हटलेलं नाही. बाजूला एक मीस द्या, एवढंच.

दिवाडकर
'गोव्यातल्या इगर्जींत लॅटिन परत आल्याशिवाय' हे शब्द तुमचेच आहेत. बाजूला एक, असं त्यात कुठे होतं? तसं लिहिलं असतंत तर मी हा धागा काढलाच नसता.

आणि भाषेवरून निघालंच आहे तर १६८४ आठवा. व्हाइसरॉयचा हुकूम: लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या भाषेला हाकलायला निघाले होते, ती शेवटी आल्तारावर पोचली. ती जागा मी कुणासाठी सोडणार नाही, मग लिपी कुठलीही असो.

डिचोलकर
तो हुकूम राज्याचा होता, लॅटिनचा नव्हे. दोष देताना नेमका द्यावा.

मेस्तांची नात
इतका वेळ नुसती वाचत होते. माझे आजोबा आमच्या गावचे मेस्त, म्हणजे इगर्जेचे संगीतशिक्षक. इगर्जेच्या शाळेत मुलांना सोल्फा (सुरांचं वाचन) आणि व्हायोलिन शिकवायचे. चौदा-पंधरा वर्षांची पोरं चार आवाजांत लॅटिन गायची. भाताच्या खळ्यावरून थेट कोराला यायची, पायांना चिखल. त्यांना अर्थ कळायचा का? आजोबा प्रत्येक ओळ आधी कोंकणीत सांगायचे, मगच सूर द्यायचे. म्हणजे कुणालाच काही कळत नव्हतं, हे दिवाडकर बाबांचं म्हणणं मला मान्य नाही.

पण साष्टीकर, तुमचंही नाही. नवी मीस आली तेव्हा आजोबांनीच पहिली कोंकणी गीतं बसवली. त्यांना दुःख झालं ते भाषेचं नाही. शाळा हळूहळू बंद पडली, मेस्तांना पगार द्यायला कुणी तयार नव्हतं, गिटारवाल्या पोरांना कुणी सोल्फा शिकवला नाही, ह्याचं झालं. संगीत लॅटिन गेल्यामुळे गेलं नाही. शिकवणं थांबलं, म्हणून गेलं. आजही कारेज्मांत (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) आमच्याकडे लॅटिन मोतेत (अनेक आवाजांतली भक्तिगीतं) होतात, आणि मे महिन्यात खुरसाकडे (क्रुसाजवळ) लादीन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, लॅटिनमध्येच गातात. 'ओरा प्रो नोबिस' म्हणायला शेजारची कोकण्यांची (हिंदूंची) मुलंसुद्धा येतात, उकडलेल्या चण्यांसाठी का होईना. लॅटिन कुठे गेलीय?

आजोबांच्या हस्तलिखित वह्या माझ्याकडे आहेत, अकरा. दोन वाळवीने खाल्ल्या. एका मोतेताचा व्हायोलिनचा भाग पूर्ण आहे, आवाजांच्या चार ओळींपैकी तिसरी गेली.

वसईवाली
बाय, त्या वह्या उद्याच्या उद्या कोरड्या जागी हलवा. पत्र्याच्या पेटीत ठेवू नका, दमट होतात.

साष्टीकर
वाचनांबद्दल दिवाडकरांचं म्हणणं मान्य करतो. नाइलाजाने नाही, खरंच. जुन्या मीसेतही वाचनं लोकभाषेत घ्यायला २००७ च्या परवानगीत मुभा होती आणि २०२१ च्या आदेशात तर ती लोकभाषेतच हवीत. बाकी माझं मत बदललेलं नाही. कठडा परत हवाच.

मेस्तांच्या नातीला: तिसरी ओळ म्हणजे टेनॉर? आमच्या इगर्जेच्या कोरात एक म्हातारे आहेत, ऐंशीच्या पुढचे, अजून गातात. त्यांनी ते मोतेत तोंडपाठ केलेलं असू शकतं. पहिल्या चार ओळींचा फोटो टाका, मी रविवारी त्यांना दाखवतो.

मेस्तांची नात
टेनॉरच. आज रात्री टाकते.

दिवाडकर
कठड्याचं मला पटलेलं नाही, ते उद्या लिहीन. फोटो मलाही पाठवा. दिवाडीत दोघे आहेत विचारण्यासारखे.