आठ मिनिटांत वर्षभराचे काम कसे सांगावे?

पाणवठा:
सर्वांना नमस्कार. मी तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला रसायनशास्त्र शिकते. आमच्या परिसरातील 18 विहिरींच्या पाण्याची कठीणता (त्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे प्रमाण) मी मे महिन्यात आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये मोजली असून हा प्रकल्प महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या आविष्कार संशोधन स्पर्धेच्या पुढच्या फेरीसाठी निवडला गेला आहे. तिथे आठ मिनिटे बोलायचे आणि दोन मिनिटे प्रश्नांना उत्तरे द्यायची, असे आम्हाला सांगण्यात आले आहे.

परवा विभागात रंगीत तालीम झाली. माझ्या 22 स्लाइड होत्या, इंग्रजीत पाठ केलेले भाषण होते, आणि चौदाव्या मिनिटाला सरांनी थांबवले तेव्हा मी निष्कर्षापर्यंत पोहोचलेच नव्हते. मध्येच एक वाक्य विसरले आणि त्यापुढचे काहीच आठवेना. अहवालातले काय ठेवावे आणि काय सोडावे, हे मला ठरवता येत नाही, कारण प्रत्येक आकड्यामागे माझी मेहनत आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

खडूफळा:
अभिनंदन. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि अशा स्पर्धांमध्ये काही वेळा परीक्षक म्हणून बसलो आहे, म्हणून समोरच्या खुर्चीतून काय दिसते ते सांगतो. आविष्कारच्या सहा विभागांपैकी तुम्ही मूलभूत विज्ञानाच्या विभागात असणार. त्यामुळे तुमच्यासमोर रसायनशास्त्राचेच परीक्षक असतील असे नाही, वनस्पतिशास्त्राचे किंवा गणिताचेही असू शकतात. त्यांना 22 स्लाइडमधून फार थोडे कळेल. मात्र आपण एका विहिरीपाशी उभे आहोत असे पहिल्या मिनिटात वाटले, तर पुढची सात मिनिटे ते तुमच्याबरोबर राहतील.

तुम्हाला नेमके काय सापडले, ते आधी एका वाक्यात लिहून काढा आणि इथे कळवा. त्या वाक्याला आधार देणारी स्लाइड ठेवा, बाकीच्या काढून टाका. काढलेल्या स्लाइड वाया जात नाहीत. त्या शेवटच्या ‘धन्यवाद’च्या मागे ठेवा, प्रश्न आला की तिथून उघडता येतात.

पाणवठा:
सर, माझे वाक्य असे आहे: पावसाळ्यानंतर 13 विहिरींच्या पाण्याची कठीणता कमी झाली, पण ऊसपट्ट्यातील पाच विहिरींत ती वाढली, आणि त्यांपैकी दोन विहिरींचा आकडा दर लिटरला 600 मिलिग्रॅमच्या वर गेला.

खडूफळा:
हे वाक्य फार चांगले आहे, आणि ते तुमच्याकडे असताना तुम्ही चौदा मिनिटे त्याच्या अलीकडेच थांबलात, याची मला हळहळ वाटते. भारतीय मानक आयएस 10500 नुसार पिण्याच्या पाण्याच्या एकूण कठीणतेची स्वीकार्य मर्यादा दर लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते. तेव्हा दोन्ही वेळच्या तीन-तीन वाचनांचा, 108 आकड्यांचा तक्ता दाखवू नका. एकच आलेख काढा: प्रत्येक विहिरीसाठी दोन ठिपके, मे आणि नोव्हेंबर, त्यांना जोडणारी रेघ, आणि 200 व 600 वर दोन आडव्या रेषा. तेरा रेघा खाली जातात आणि पाच वर चढतात, हे शेवटच्या रांगेतूनही दिसेल. आलेख पडद्यावर आला की आधी आडव्या आणि उभ्या अक्षावर काय आहे ते सांगा, क्षणभर थांबा, आणि मगच त्या पाच रेघांकडे बोट दाखवा.

प्रयोगाच्या पद्धतीला एक मिनिट पुरे; पण त्या मिनिटात ईडीटीए अनुमापनाची (ईडीटीएचे द्रावण थेंब थेंब घालून कठीणता मोजण्याची) समीकरणे वाचून दाखवू नका. बफरने सामू (पीएच) 10 च्या आसपास ठेवला, एरिओक्रोम ब्लॅक टी हे रंग बदलणारे दर्शक घातले, आणि द्राक्षारसासारखा लाल रंग जांभळा होत होत शेवटची लालसर छटा गेली आणि स्वच्छ निळा उरला, तिथे थांबलो, असे सांगा. ‘तो क्षण कसा ओळखलात?’ हा प्रश्न हमखास येतो. चंचुपात्राखाली पांढरी फरशी ठेवली होती का, तिन्ही वाचने जुळली का, हे तुमच्या हातांनी केलेले काम आहे. त्याचे उत्तर पाठ करावे लागणार नाही.

गाळ_आणि_खडक:
एक सावधगिरी सुचवते. मी भूजलावर काम करते. ‘उसामुळे कठीणता वाढली’ असे म्हणू नका. दोन ऋतूंच्या आणि 18 विहिरींच्या मोजणीवरून एवढेच म्हणता येते की ज्या पाच विहिरींत वाढ दिसली त्या सर्व ऊसपट्ट्यात आहेत. सिंचनाचे पाणी जमिनीतले क्षार विरघळवत पुन्हा विहिरीत उतरते, हे एक संभाव्य कारण आहे. विहिरीची खोली, बेसॉल्टमधील भेगा आणि उपसा यांचाही प्रभाव असू शकतो. ही मर्यादा परीक्षकांनी काढण्याआधी तुम्हीच सांगितलीत, तर तुमच्या निष्कर्षाचे वजन वाढते.

आणखी एक: बोलण्याच्या ओघात ‘जड पाणी’ म्हणू नका. गावात आपण तसेच म्हणतो, पण विज्ञानात जड पाणी म्हणजे ड्युटेरियमचे, अणुभट्टीत वापरले जाणारे पाणी. ‘कठीण’ किंवा शाळेत शिकलेला ‘दुष्फेन’ हा शब्द वापरा.

ब्रिस्बेनकर:
मी इथे ऑस्ट्रेलियात पीएच.डी. करतो. माझ्या विद्यापीठात, म्हणजे क्वीन्सलँड विद्यापीठात, 2008 मध्ये तीन मिनिटांत प्रबंध सांगण्याची स्पर्धा सुरू झाली. त्या काळी दुष्काळामुळे लोक न्हाणीघरात तीन मिनिटांचे घड्याळ लावून आंघोळ उरकत, त्यावरून ही कल्पना सुचली. एकच स्थिर स्लाइड असते आणि वेळ संपल्यावर बोलणारा बाद होतो.

त्या स्पर्धेसाठी मीही आधी भाषण पाठ केले होते आणि तुमच्यासारखाच मध्ये अडकलो होतो. नंतर मी फक्त पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्ये पाठ केली. मधल्या भागासाठी तीन शब्दांची चिठ्ठी. रोज वेगळ्या माणसाला सांगत गेलो, एकदा व्हिडिओ कॉलवर आईलाही. तिने जिथे ‘म्हणजे काय रे?’ विचारले, तिथे खूण केली आणि तेवढाच भाग बदलला. मोबाइलवर वेळ लावून सात मिनिटांत संपेल असेच बसवा, कारण स्टेजवर स्लाइड बदलण्यात आणि श्वास घेण्यात एक मिनिट सहज जाते.

पाणवठा:
सर्वांची मनापासून आभारी आहे. स्लाइड आता सहा आहेत. काल आत्याला सांगून पाहिले, सात मिनिटे वीस सेकंद लागले. सुरुवात अशी केली आहे: “आमच्या गावात एका विहिरीच्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही आणि पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो. पावसाळ्यानंतर ते पाणी सुधारेल असे मला वाटले होते. ते अधिक कठीण झाले.” फक्त दोन शंका आहेत: मराठीत बोललेले चालेल का, आणि विहीरमालकांची नावे दाखवावीत का?

खडूफळा:
ही सुरुवात अजिबात बदलू नका. भाषेची सूट आहे का, हे संयोजकांना आजच विचारून घ्या. सूट असेल तर मराठीतच बोला; ब्युरेट आणि बफर हे शब्द आहेत तसेच राहू द्या. इंग्रजी सक्तीची असेल तर हीच वाक्ये साध्या इंग्रजीत तुम्ही स्वतः लिहा, अहवालातून उचलू नका. मालकांची नावे नकोत. विहिरींना व-1 ते व-18 असे क्रमांक द्या. आणि ज्या दोन विहिरी 600 च्या वर गेल्या, त्यांच्या मालकांना स्पर्धेच्या आधी घरी जाऊन आकडा सांगून या.