मदत हवी आहे: प्रार्थनापत्रात इथल्या लोकांचे फोटो न टाकता काय टाकायचं?

सलाम सगळ्यांना. आम्ही नवरा-बायको परदेशात मिशनरी म्हणून सेवा करतोय, मदत करणाऱ्या मंडळ्यांना (चर्चना) दर महिन्याला प्रार्थनापत्र, म्हणजे कामाची बातमी आणि प्रार्थनेचे विषय असलेलं पत्र, पाठवतो. अडचण अशी की इथे धर्मांतर हा नाजूक विषय आहे, आमचा फार तर व्हिसा रद्द होईल पण इथले विश्वासणारे कुठे जाणार, त्यांचं घर, नोकरी, नातेवाईक सगळं इथेच आहे. तिकडे मात्र पत्र आलं की लगेच ग्रुपवर फॉरवर्ड होतं, कोणी फेसबुकवर पण टाकतं. प्रेमानेच करतात, पण मग आपल्या हातात काही राहत नाही.

आत्तापर्यंत नावं बदलली, गावाचं नाव काढलं, चेहरे ब्लर केले, कॅमेऱ्याचं लोकेशन बंद केलं (व्हॉट्सॲपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ते लोकेशन सोबत जातं, बऱ्याच जणांना हे माहीत नसतं). तरी ओळखीच्या माणसाला मागचा पडदा नाहीतर अंगावरची शाल बघूनसुद्धा कळतं कोण ते. फोटो पूर्ण बंद केले तर लोक विचारतात, काम चालू आहे ना? "फॉरवर्ड करू नका" असं वर लिहूनही फरक पडला नाही.

वेगळं ॲप कृपया सुचवू नका, वाचणारे बरेचसे वयस्कर आहेत, त्यांना व्हॉट्सॲपच जमतं.

अशा ठिकाणी सेवा करणाऱ्यांनी सांगा, फोटोऐवजी पत्रात नेमकं काय टाकता, आणि पत्र मंडळीबाहेर जाऊ नये म्हणून तिथल्या पाळकांशी (पास्टरांशी) काय ठरवून घेतलंत?