पाचवीची विज्ञानाची उजळणी: व्याख्या घोकून घ्यायच्या की पोरांना आधी बोलू द्यायचं?

यावलकडचा मास्तर

मार्च लागला, शाळा सकाळची झाली, आता उजळणी. उजळणी म्हणजे काय, तर परिसर अभ्यास भाग १ उघडायचं, स्वाध्यायाची उत्तरं फळ्यावर लिहायची, पोरांनी ती उतरवायची आणि दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवायची. ‘बाष्पीभवन (पाण्याची वाफ होणं) म्हणजे काय?’ असं विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात उत्तर देतो. व्हरांड्यातून जाणाऱ्या साहेबांना बरं वाटतं.

माझं म्हणणं एवढंच: चौथी-पाचवीच्या उजळणीत व्याख्या शेवटी घ्या. आधी पोराच्या डोक्यात काय बसलंय ते बाहेर काढा. तिथं काहीतरी आधीच बसलेलं असतं. त्याला हात न लावता वरून व्याख्या ठेवली, तर परीक्षेपुरती टिकते.

एकसुरात व्याख्या म्हणणाऱ्या वर्गाला मी विचारलं, कूलर मे महिन्यात गार वारा देतो, मग श्रावणात का देत नाही? उत्तरं अशी आली: ‘श्रावणापर्यंत गवत जुनं होतं’, ‘मे महिन्यात पाणी जास्त टाकतात’, ‘श्रावणात लाईट कमी येते’ (हे तर महावितरणलाच विचारायला हवं). व्याख्येतलं बाष्पीभवन कूलरमध्ये कुणालाच सापडलं नाही.

मग दोन तापमाप्या टेबलावर ठेवल्या. एक कोरडी, दुसरीच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळलेली. दोन पोरं पुठ्ठ्यानं वारा घालायला उभी केली. वारा घालण्याआधी प्रत्येकाचा अंदाज फळ्यावर लिहून घेतला. जवळजवळ सगळ्यांचं मत, वारा लागला की दोन्ही उतरणार. कोरडी जागची हलली नाही. पोरं पुठ्ठा जोरात हलवायला लागली, तरी नाही. ओली मात्र बघता बघता उतरत गेली, कारण चिंधीतलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. मागच्या बाकावरचं एक पोरगं म्हणालं, ‘सर, म्हणजे पंख्याने हवा थंड होत नाही?’ घाम, माठ, अंगणात मारलेलं पाणी, सगळं त्या प्रश्नातून निघालं. श्रावणात हवाच ओली, मग चिंधीतलं पाणी उडणार कसं, हेही त्यांनीच जुळवलं. त्यानंतर व्याख्या लिहायला सांगितली. प्रत्येकाची वेगळी आली आणि बहुतेक बरोबर होत्या.

एकच गोष्ट आधी सांगून ठेवतो. हे करायला ताप मोजायची तापमापी घेऊ नका. ती फक्त ३५ ते ४२ अंश दाखवते आणि झटकल्याशिवाय उतरत नाही. प्रयोगशाळेतली लागते.

बोला आता.

भुसावळ जंक्शन

मास्तर, लिहिलंय झकास, पण याला तास किती लागला ते खुबीने गाळलंत. एका संकल्पनेला एक तास, तर अख्खं पुस्तक कधी संपणार? एप्रिलमध्ये परीक्षा आहे आणि पाचवीला आता वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. पेपरात कूलर येत नाही. रिकाम्या जागा येतात, जोड्या येतात.

मी शिकवणी घेतो, लपवत नाही. हल्ली पाठांतर म्हणजे पाप अशी हवा झालीय, ती मला पटत नाही. ‘संघनन’ (वाफेचं पुन्हा पाणी होणं) हा शब्दच ज्याला वेळेवर आठवत नाही, ते पोर विचार कशाच्या आधारावर करणार? पाढे येत नसलेलं पोर भागाकारात अडकतं तसंच हे. सहावीला सामान्य विज्ञान स्वतंत्र विषय होतो, बल, कार्य, ऊर्जा सगळं अंगावर येतं. तिथं शब्द नाही म्हणून कितीतरी पोरं पहिल्या चाचणीतच गप्प होतात.

माझी पद्धत: रोज दहा मिनिटं तोंडी. कालचे दोन प्रश्न, मागच्या आठवड्यातले दोन, दिवाळीआधीचे दोन. पुस्तक बंद. याला तुम्ही घोकंपट्टी म्हणाल, पण अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हेच तपासलं होतं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवडाभराने पारडं फिरलं. ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं, ते पुढे गेले. म्हणजे उजळणी आठवण्याने होते. चिंधीने नाही.

पाचवीची आई (जळगाव)

तुम्ही दोघं भांडताय त्या विषयाला घरी वेळच उरत नाही, त्याचं काय? नवोदयच्या ८० प्रश्नांत ४० मानसिक क्षमतेचे, २० गणिताचे, २० भाषेचे. स्कॉलरशिपला भाषा, गणित, इंग्रजी, बुद्धिमत्ता. विज्ञान कुठेच नाही. मग आम्ही पालकच म्हणतो, परिसर अभ्यास काय, आदल्या रात्री वाचून होतो. आमच्या गल्लीत सगळ्यांचं असंच चाललंय.

आणि आदल्या रात्री वाचायला बसलो तर हे. मुलाच्या वहीत ‘केळीचे खोड जमिनीत असते’ असं उत्तर होतं, त्यावर शाळेत फुली आली. खाली लाल शाईत ‘खोड जमिनीच्या वर असते’. त्याचे आजोबा शेतकरी, त्यांनी सांगितलेलं त्याने लिहिलं. आता मी कोणाची बाजू घेऊ?

रावेरकर

आजोबांची घ्या ताई. पोराला शाबासकी द्या.

केळीचं जे जाडजूड दिसतं ते खोड नव्हेच. पानांच्या देठांचे तळाचे भाग एकात एक गुंडाळून तो सोट तयार होतो. आडवा कापून बघा, कांद्यासारखे पदर दिसतील, लाकूड नावाला नाही. खरं खोड म्हणजे खालचा कंद. त्यालाच मुनवे (बाजूची पिल्लं) फुटतात, आणि पहिला घड उतरवला की त्यांच्यावर आम्ही पिलबाग, म्हणजे पुढचं पीक, धरतो. बाग निसवायला (फुलायला) येते तेव्हा कंदातून निघालेला दांडा त्या पदरांच्या मधून वर चढतो आणि शेंड्यातून केळफूल बाहेर पडतं. म्हणूनच एका बुंध्याला आयुष्यात एकच घड. आंब्याचं तसं असतं का? पावसाळ्यात लावलेली मृगबाग असो की त्यानंतरची कांदेबाग, हिशोब तोच.

आमच्याकडचं दहा वर्षांचं पोर हे रोज बघतं आणि शाळेत जाऊन ‘केळीचे झाड’ असं लिहून येतं. मास्तरांचं म्हणणं मला त्यासाठी पटतं. विचारा तर खरं त्याला.

भुसावळ जंक्शन

भाऊ, माहिती शंभर टक्के बरोबर. पण खोड जमिनीवर वाढतं, मूळ जमिनीत, हे पाचवीला साधं सांगायचंच असतं. बटाटा, आलं, केळी हे अपवाद. नियम पक्का झाल्यावर अपवाद. पहिल्याच दिवशी अपवाद काढून बसलात तर पोर म्हणेल कशालाच काही अर्थ नाही.

रावेरकर

पहिल्या दिवसाचं कोण म्हणतंय भो? उजळणीचं चाललंय ना? नियम जूनमध्ये सांगून झाला. मार्चमध्ये तरी अपवाद येऊ द्या. रावेर-यावलच्या पोराला केळी अपवाद म्हणून सांगायची म्हणजे कमालच आहे.

शहाद्याचे निवृत्त गुरुजी

चर्चा वाचली. दोघांनाही एकेक टोला देतो, राग मानू नये.

मास्तर, तुमच्या पद्धतीत एक खड्डा आहे. चुकीचं उत्तर पोर मोठ्याने बोलतं, तुम्ही ते फळ्यावर लिहिता, बाकीचे वाचतात. तास संपला आणि खुलासा अर्धवट राहिला, तर घरी काय जातं? तेच चुकीचं. त्यातून ते फळ्यावर आलेलं, म्हणजे त्याला वजन आलेलं. मी हे वर्गावर वर्षानुवर्षं पाहिलं आहे. अंदाज घ्यायचा असेल तर त्याच तासाला निकाल लागलाच पाहिजे, आणि चुकीचं पोरांच्या हातानेच खोडायला लावलं पाहिजे.

दुसरं, सगळ्याच संकल्पना टेबलावर येत नाहीत. ‘उन्हाळा का होतो?’ विचारा. खानदेशातलं पोर, पारा ४५ च्या पुढे पाहिलेलं, छातीठोकपणे सांगतं की पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते. मोठी माणसंही तेच सांगतात, कितीदा तरी ऐकलंय. प्रत्यक्षात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, म्हणजे आपण शेकोटी करतो तेव्हा. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत लांब, सुमारे १५.२ कोटी. कारण आहे पृथ्वीच्या आसाचा २३.५ अंशांचा कल. हे पोर चर्चा करून शोधू शकत नाही, सांगावंच लागतं.

तरी एक गोष्ट दाखवता येते. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. जळगाव-धुळे-नंदुरबारला मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मेमध्ये शाळेला सुट्टी, जुलैच्या मध्याला पुन्हा येतो तेव्हा ढग. सूर्याचं आणि शिक्षण खात्याचं वेळापत्रक जुळत नाही. पण सुट्टीचा अभ्यास म्हणून काठी आणि खडू देता येईल. डिसेंबरात त्याच काठीची दुपारची सावली किती लांब पडते ते पोरांनी आधी मोजून ठेवलेलं असलं म्हणजे झालं.

भुसावळकर, तुमचे सहा प्रश्न उत्तम. पण त्यात एक तरी ‘का’ असतो का?

धडगावचा एकटा

माझा मुद्दा दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे. माझ्याकडे दोन वर्ग आणि मी एक. तिसरीला पाढे लिहायला बसवायचं आणि तोवर पाचवीचं विज्ञान. प्रयोगशाळेतली तापमापी केंद्रशाळेतही दिसली नाही.

पोरांच्या घरी पावरी, भिली बोलतात. ‘बाष्पीभवन’ काय नि ‘संघनन’ काय, दोन्ही परके. पण होळीच्या सुमाराला ही पोरं पहाटे उठून मोहाची फुलं वेचतात, वाळवतात. ओली टोपली किती जड आणि वाळल्यावर किती हलकी, हे त्यांच्या डोक्याला माहीत आहे, अक्षरशः. मी विचारलं, वजन गेलं कुठे? पोरं हसली. सूर्याने खाल्लं म्हणाली. तिथून मी सुरू केलं. तापमापीवाचून.

मास्तरांना मात्र एक सांगतो. एका सुरात म्हणण्याची एवढी थट्टा करू नका. माझ्या वर्गात अशी पोरं आहेत जी एकटी उभी राहून मराठीत वाक्य बोलत नाहीत. सगळ्यांबरोबर बोलतात. दोन महिने सुरात म्हटल्यावर एक दिवस एकटी बोलतात. साहेब व्हरांड्यात असोत-नसोत, मला तो सूर हवा आहे.

यावलकडचा मास्तर

धडगावकर, मोहाचं भारी आहे. सूर तुमच्याकडे लागतो तो भाषेसाठी, त्याला माझा विरोधच नाही. मी म्हणतोय ते त्या सुराला समज मानण्याबद्दल.

गुरुजी, त्याच तासाला निकाल लागला पाहिजे हे मान्य. म्हणूनच मी मोजक्याच गोष्टी घेतो: पाण्याची रूपं, झाड अन्न कसं करतं, सावली आणि दिवस-रात्र, अन्नसाखळी. बाकीचं धडाधड तोंडी, अगदी भुसावळच्या थाटात. शरीराचे अवयव, ग्रहांची नावं यावर चर्चा काय करायची?

भुसावळकर, तुम्ही दिलेल्या अभ्यासात लोकांनी उतारा समजून आठवला होता. ‘आठवणं’ आणि ‘सुरात म्हणणं’ यांत तुम्ही गल्लत करताय. तुमच्या पोरांना एकच विचारा: चहाच्या भांड्यातून पांढरं वर जाताना दिसतं ते काय? ‘वाफ’ म्हणतील. पाण्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते वर येऊन गार झालेले पाण्याचे बारीक थेंब. भांड्याच्या तोंडाशी, जिथे काहीच दिसत नाही, तिथे वाफ असते. म्हणजे बाष्पीभवन विचारल्यावर पोरं बोट दाखवतात संघननाकडे, आणि दोन्ही व्याख्या पाठ असतात!

पाचवीची आई (जळगाव)

हे मलाच माहीत नव्हतं. आत्ता गॅसवर बघून आले. तोंडाशी खरंच मोकळी जागा दिसते.

केळीच्या उत्तराबद्दल शाळेत जाऊन बोलू का? वर्गशिक्षिका चांगल्या आहेत, उगाच वाकडं नको.

रावेरकर

तुम्ही नका जाऊ. पोराच्या हातात केळीच्या सोटाचा आडवा काप द्या, वर्गात नेऊ द्या. रावेरला पाहुणे असतील तर सांगा, घड उतरवलेले सोट बांधावर पडलेलेच असतात. फक्त जुने कपडे घालून पाठवा. केळीचा चीक लागला तर डाग मरेपर्यंत जात नाही.

भुसावळ जंक्शन

वाफेचा प्रश्न आज संध्याकाळच्या बॅचला टाकला. बावीसपैकी एकानेही थेंब म्हटलं नाही. पण मास्तर, पुढचं ऐका: खुलासा केल्यावर ज्यांना ‘संघनन’ची व्याख्या तोंडपाठ होती, त्यांनी लगेच जुळवलं. ज्यांना नव्हती ते माझ्या तोंडाकडे बघत बसले. मी तेच म्हणतोय पहिल्यापासून.

तर पैज लावू. मी माझे वीस तोंडी प्रश्न पाठवतो, तुमच्या वर्गाला विचारा. तुम्ही तुमचे पाच ‘का’ पाठवा, मी माझ्या बॅचला टाकतो. दोन्हीकडे पुस्तक बंद.

यावलकडचा मास्तर

मंजूर. दोन अटी. परीक्षा झाल्यावर आठवडाभराने घ्यायचं, तुमच्याच रोडिगरसाहेबांच्या हिशोबाने. आणि उत्तरं आपण तपासायची नाहीत, गुरुजी तपासतील.

शहाद्याचे निवृत्त गुरुजी

तपासतो. पण कागद पोस्टाने पाठवा, मोबाईलवर फोटो पाठवू नका. पाचवीचं अक्षर मला चष्मा लावूनही स्क्रीनवर लागत नाही.