मेनूवर माउस गेला की स्टेटस गायब

क्यूटी (Qt) या खिडक्या-मेनू बनवायच्या लायब्ररीत, खिडकीच्या तळाच्या स्टेटस पट्टीत मजकूर लिहिणाऱ्या शोमेसेज (showMessage) फंक्शनला टाइमआउट, म्हणजे मजकूर दाखवायची वेळ, ० दिला की मजकूर कायम राहतो, असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. क्यूटीच्या क्यूस्टेटसबारमध्ये (QStatusBar, म्हणजे ती पट्टी) शोमेसेजने लिहिलेलं सगळं तात्पुरतंच धरलं जातं. ० चा अर्थ एवढाच, की वेळ संपली म्हणून ते पुसलं जाणार नाही. मी त्याच भरवशावर 'सर्व्हरशी जोडलेले' असं लिहून ठेवलं होतं. माउस फाइल मेनूवरून फिरला की ते नाहीसं व्हायचं आणि परत यायचं नाही. दोन दिवस नेटवर्कचा कोड उसवत बसलो! मेनूतल्या ॲक्शनचा (एकेका पर्यायाचा) स्टेटसटिप, म्हणजे त्याची छोटी माहिती, त्याच जागेत लिहिला जातो, आणि तो दिलेला नसला तरी रिकामी ओळ येऊन आधीचा मजकूर पुसून जाते.

मजकुराचं वेगळं लेबल करून ते ॲडविजेट (addWidget) फंक्शनने पट्टीत टाका, असाही सल्ला मिळतो; तोही इथे पुरत नाही. तात्पुरता संदेश आला की ती लेबलं तेवढा वेळ झाकली जातात. कायम दिसायला हवं ते ॲडपर्मनंटविजेटनेच (addPermanentWidget) टाकावं; ते उजव्या बाजूला बसतं आणि संदेश त्याच्यावर येत नाही. फक्त लेबलला किमान रुंदी जरूर द्या, त्यात येऊ शकणारा सगळ्यात लांब मजकूर क्यूफाँटमेट्रिक्सने (QFontMetrics, मजकुराची रुंदी मोजणारा क्यूटीचा क्लास) मोजून. नाहीतर ओळक्रमांक दाखवणाऱ्या लेबलात 'ओळ ९९' ची 'ओळ १००' झाली की शेजारचं सगळं सरकतं, आणि टाइप करताना ती हालचाल डोळ्यांना फार खुपते.