कुठलीच लिपी न येणाऱ्यांना इंग्रजीच्या सरसकट वर्गात बसवणं बंद करा

चाररेघी:
न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास ग्रंथालयात, चर्चच्या तळघरात, कम्युनिटी सेंटरात ना-नफा संस्था प्रौढांना फुकट इंग्रजी शिकवतात. सगळ्यात खालच्या वर्गाचं नाव 'बिगिनर'. तिथे एकाच टेबलाशी कोण कोण बसतं बघा. मुलाकडे कायमच्या राहायला आलेल्या, मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणाऱ्या आजी. हॉटेलात दहा वर्षं काम करून फडाफडा इंग्रजी बोलणारा, पण मेन्यू वाचता न येणारा डॉमिनिकन माणूस. आणि ग्वाटेमालातली, घरी माम ही तिथली माया लोकांची भाषा बोलणारी, शाळेचं तोंडही न पाहिलेली बाई. तिघांनाही पहिल्या दिवशी तेच पुस्तक, तेच पान.

माझं म्हणणं तिसरीपुरतं आहे. तिला निदान पहिले तीन महिने वेगळा गट हवा, सहा ते आठ जणांचा, पुस्तकाविना.

ओळखायचं कसं? दहा मिनिटं पुरतात. चार ओळींचा मजकूर ज्याच्या त्याच्या भाषेत छापून ठेवा, आणि कागद मुद्दाम उलटा हातात द्या. वाचणारा माणूस न बोलता तो सुलटा करतो. मग नाव-पत्ता लिहायला सांगा आणि हाताकडे बघा. पेन मुठीत धरलंय का, अक्षर सहज लिहिलं जातंय की चित्रासारखं काढलं जातंय, ते लगेच दिसतं. एक सावधगिरी: काही भाषा बोलणाऱ्यांना त्या भाषेत वाचायची सवयच नसते. माम बोलणाऱ्या बाईला स्पॅनिश कागदही दाखवावा लागतो.

हे केलं नाही की काय होतं? एबीसीडीचं गाणं पाठ होतं, वाचन येत नाही. 'डब्ल्यू' या नावात 'व' कुठेच ऐकू येत नाही, मग 'वॉटर' कसं वाचणार? जोड्या लावायच्या वर्कशीटवर अर्धा कापलेला हात छापलेला असतो. तो 'हात' आहे हे कळायलाही चित्रं बघायची सवय लागते. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे नक्कल. फळ्यावरचं सुबक उतरवून घेतलं की शिक्षिका खूश. फळा पुसा आणि तोच शब्द लिहायला सांगा.

हजेरीपट:
पटलं नाही. संस्था चालवणाऱ्याच्या बाजूने हिशेब मांडतो. पटावर १८ जण, खोली एक, स्वयंसेवक दोन. त्यातला एक फेब्रुवारीत बर्फ पडला की येत नाही. तुमचा सहाचा गट काढला की उरलेल्या बारांना शिकवणारा एकच. शिवाय यादीत थांबलेले वेगळेच.

आणि पाटीचं काय? वर्गाला 'लिटरसी' म्हटलंत की दुसऱ्या आठवड्यात निम्मे गळतात. प्रौढ माणसाला आपल्याला वाचता येत नाही हे माहीत असतं, चारचौघांत दाखवायचं नसतं. आज चष्मा विसरले, उद्या हात दुखतोय, अशी कारणं त्यातूनच येतात.

वर्ग एकच ठेवा, टेबलं वेगळी करा. दोन तासांत पहिली ३० मिनिटं सगळ्यांचं बोलणं एकत्र: डॉक्टरची वेळ घेणं, घरमालकाला फोन करणं. इथे हॉटेलवाला पुढे असतो आणि न शिकलेली बाईही मागे पडत नाही. मग तासभर टेबलं. शेवटी पुन्हा एकत्र. इज्जत राहते आणि खोलीही पुरते.

काना_मात्रा:
धागाकर्त्यांचा मुद्दा योग्य, पण आजींना सोपं समजू नका. देवनागरी येणाऱ्यांचे प्रश्न वेगळे, आणि ते कोणी शिकवतच नाही.

आपलं अक्षर शिरोरेघेला लटकतं, इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं. एकेरी रेघांच्या वहीत आजी सगळं वरच्या रेघेला टांगतात, मग जी आणि वाय यांच्या शेपट्या कुठे जातील? चाररेघी वही द्या (आयडी आवडला). दुसरं, आपल्याकडे क म्हणजे क. त्या हिशेबाने 'मेक' हा शब्द 'मके' होतो. शेवटचा ई स्वतः गप्प राहून आधीच्या स्वराचा उच्चार बदलतो, ही कल्पनाच नवी आहे. त्यासाठी मॅट-मेट, कॅप-केप अशा जोड्या आठवडाभर घ्या. बी आणि डी एकाच आठवड्यात अजिबात नकोत.

आणि इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहायची सवय पहिल्या महिन्यातच सोडवा. खाली 'हॉस्पिटल' लिहिलं की डोळा वर जातच नाही.

एन_चारशे:
तुम्ही सगळे शिक्षकाच्या खुर्चीतून बोलताय. आई-वडील येतात ते सिटिझनशिपसाठी. ग्रीन कार्डला पाच वर्षं होत आली की एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, भरायचा. फी ऑनलाइन ७१० डॉलर, कागदावर ७६०. २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना नवी परीक्षा आहे: १२८ प्रश्नांच्या यादीतले २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. आधी १०० पैकी १० विचारायचे आणि ६ पुरत. सत्तरीतल्या माणसाला आता ध्वनी-अक्षर शिकवत बसू की हे १२८ पाठ करून घेऊ?

देवनागरीत लिहून पाठ करू द्या. ज्या पिढीने रामरक्षा पाठ केली, तिला हे जड नाही.

चाररेघी:
पाठांतर नागरिकशास्त्राच्या तोंडी प्रश्नांना चालेल. पण ऑफिसरसमोरच्या त्याच मुलाखतीत तीनपैकी एक वाक्य वाचावं लागतं आणि तीनपैकी एक ऐकून लिहावं लागतं, तेही बहुधा टॅबलेटच्या काचेवर स्टायलसने. कागदावर ठीक लिहिणाऱ्याचं अक्षर काचेवर घसरतं, म्हणून त्याचा सराव वेगळा घ्या. लिहिण्यात थोडी सूट असते, एखादं स्पेलिंग चुकलं तरी अर्थ लागला तर चालतं. वाचण्यात मात्र समोर इंग्रजीच असतं, खाली देवनागरी नसतं.

आणि गाडी खरी अडते ती एन-४०० फॉर्मवरच्या प्रश्नांवर. ऑफिसर 'हॅव यू एव्हर' ने सुरू होणारे प्रश्न एकामागून एक विचारतो, सगळ्यांचं उत्तर 'नो'. पाठ केलेला माणूस लयीत नो, नो, नो म्हणत जातो. मग येतं, 'शपथ घ्यायला तयार आहात का?' तिथेही 'नो'! किंवा ऑफिसर मध्येच थांबून 'ओथ म्हणजे काय?' विचारतो, तेव्हा पाठांतर संपलेलं असतं. बोलता येतं का, हे याच प्रश्नोत्तरांवरून ठरवतात. नापास झालं तर साधारण ६० ते ९० दिवसांत फक्त राहिलेल्या भागासाठी एकदा पुन्हा बोलावतात.

वयाची_सूट:
एवढा घोळ कशाला? पंचावन्नच्या वर वय आणि १५ वर्षं ग्रीन कार्ड असेल तर इंग्रजी माफ. नागरिकशास्त्र दुभाषा घेऊन मराठीत देता येतं.

काना_मात्रा:
सूट खरी आहे, पण ती कोणाला लागू होते ते मोजा. मुलाने बोलावलेले वडील ६२व्या वर्षी आले तर १५ वर्षं भरतील ७७ला. पन्नाशी आणि २० वर्षांची दुसरी सूट त्यांना ८२ला. तोवर औषधाच्या बाटलीवर काय छापलंय ते कोण वाचणार, नातू? इंग्रजी 'वन्स', म्हणजे एकदा, स्पॅनिश वाचणाऱ्याला 'ओन्से', म्हणजे अकरा, दिसतो. आपल्याकडचा सापळा तारखेचा. ०३/०४ म्हणजे इथे ४ मार्च, आणि आजी ३ एप्रिलला दवाखान्यात पोचतात. हे पहिल्या आठवड्यात शिकवायचं, नागरिकशास्त्र नंतर.

हजेरीपट:
आता अडचणीचं बोलतो. सरकारी पैसा घेतला की चाचणी आली. १२ तास भरले की माणूस मोजला जातो, पण प्रगती दाखवायला दुसरी चाचणी लागते. कॅसास या प्रौढांच्या चाचणीची शिफारस ७० ते १०० तासांनंतर, कमीत कमी ४०. आठवड्याला चार तास धरले तर ४० तासांना दहा आठवडे. चाररेघींच्या तीन महिन्यांत त्या बाईला स्वतःचं नाव, फोन नंबर आणि वीसेक शब्द येतील. खरी कमाई आहे, पण वाचनाच्या चाचणीत ती दिसेलच असं नाही. मग अहवालात काय लिहू?

चाररेघी:
अशा गटाला वाचनाची चाचणी आधी लावूच नका. बेस्ट प्लस ही इंग्रजीची चाचणी तोंडी असते, समोरासमोर घेतात, तिथे तिची बोलण्यातली वाढ तरी दिसते. उलट हॉटेलवाल्याला फक्त तोंडी चाचणी दिलीत तर तो थेट वरच्या वर्गात जाईल आणि पहिल्याच वर्कशीटवर अडकेल. कुठली चाचणी आधी, हे त्या दहा मिनिटांच्या कागदावरून ठरवा.

टेबलांची सूचना मान्य. वर्गाला 'लिटरसी' म्हणायचं नाही हेही मान्य; खोलीचा नंबर पुरे. पण टेबलावरच्या त्या तासाला शिक्षक तिचाच हवा, फिरता नको. त्या तासात काय करायचं ते सांगतो. बाई तोंडाने जे सांगेल तेच चार छोट्या वाक्यांत मोठ्या अक्षरात लिहा: आय क्लीन हाउसेस. आय वर्क मंडे. दोन शब्दांमधली जागा रुंद ठेवा. बोट ठेवून दोनदा वाचा, मग तिला वाचू द्या. पुढच्या वेळी तोच कागद कापून वाक्यांच्या पट्ट्या, त्याच्या पुढच्या वेळी शब्दांचे तुकडे. तुकडे मिसळून पुन्हा लावता आले म्हणजे शब्द ओळखला; नुसतं घडाघडा म्हटलं तर पाठ झालंय. 'मंडे' पक्का झाला की त्यातला पहिला आवाज 'म', मग तोच आवाज 'मनी'त, 'मिल्क'मध्ये.

हजेरीपट:
तिचं वाक्य 'आय वर्क मंडे' असंच ठेवायचं? त्यातला 'ऑन' घालायचा नाही?

चाररेघी:
लिहिताना नाही. जे बोललं तेच कागदावर दिसतंय, हे आधी तिला कळू दे. 'ऑन' सुरुवातीच्या तीस मिनिटांच्या बोलण्यात घाला.

काना_मात्रा:
इथे मी हजेरीपटांच्या बाजूने. एकदा चुकीचं लिहून कापलं की ती पट्टी घरी फ्रिजवर लागते आणि रोज वाचली जाते.