पंख फुटलेलं पिल्लू खाली दिसलं, तर हात मागेच ठेवा

पाणथळ (धागाकर्ता)

एप्रिल उजाडला की सोसायट्यांच्या ग्रुपवर तोच फोटो फिरायला लागतो. बुटांच्या खोक्यात जुन्या टी-शर्टवर बसवलेलं पिल्लू, शेजारी वाटीत दूध, आणि खाली प्रश्न: 'याला काय भरवू?' माझं उत्तर कोणाला आवडत नाही, तरी लिहितो. जिथून उचललंत तिथेच परत ठेवून या.

बुलबुल, दयाळ, साळुंकी यांची पिल्लं धड उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात. लालबुड्या बुलबुलाचं पिल्लू अंड्यातून आल्यावर दोन आठवडेसुद्धा घरट्यात काढत नाही. पुढचे काही दिवस ते कुंडीमागे, कुंपणाच्या मेंदीत, जिन्याखाली टुणटुणत फिरतं आणि आईबाप तिथेच येऊन त्याला भरवतात. अंगावर पिसं आलेली, शेपूट आखूड, चोचीच्या कडा पिवळ्या, आणि तुम्ही जवळ गेलात की सरकून आडोसा धरणारं असं पिल्लू दिसलं तर ते पडलेलं नाही. त्याची शाळा सुरू झाली आहे. लांब जाऊन अर्धा-पाऊण तास बघा. तुम्ही तिथे उभे आहात तोवर आई येणारच नाही. ती वायरवर बसून तुमच्याच नावाने ओरडत असते, आणि आपण म्हणतो बिचाऱ्याची आई कुठे गेली.

कातडी उघडी, डोळे मिटलेले, असं पिल्लू मात्र खरंच पडलेलं. घरटं सापडलं तर उचलून परत आत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही समजूत साफ खोटी आहे. घरटंच मोडलं असेल तर तळाला भोकं असलेली छोटी टोपली घ्या, आत सुकं गवत घाला आणि त्याच फांदीला बांधा. बहुतेक आईबाप तिथे येऊन भरवायला लागतात.

घरी आणून वाढवणं म्हणजे आईबाप जिवंत असलेलं पोर अनाथाश्रमात नेऊन घालणं. दया वगैरे ठीक आहे, पण ती कोणाच्या सोयीची, हेही बघावं.

सुमेधा_डोंबिवली

अजिबात सहमत नाही. हे सगळं बंगला, बाग आणि रिटायर्ड माणूस असेल तर छान. आमच्या पार्किंगमध्ये मांजरांची एक फौज आहे, कारण तीन मजल्यांवरून त्यांना रोज मासळीची डोकी मिळतात. तिथे 'अर्धा तास लांबून बघा' म्हणजे मांजराचं जेवण बघा.

आणि पिल्लं खाली येतात कशामुळे? मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची छाटणी म्हणून फांद्या धडाधड उतरवल्या जातात. नेमका हाच विणीचा हंगाम. करवत चालवणारा माणूस वर घरटं आहे का ते बघत नाही, ठेकेदार त्याला बघायला सांगत नाही. घर आपण पाडायचं आणि मग पिल्लाला म्हणायचं, निसर्ग बघून घेईल? मी गेल्या उन्हाळ्यात एक बुलबुल वाढवला. भिजवलेला अंजीर, उकडलेल्या अंड्याचा बलक, कुंड्यांमधले किडे. बाल्कनीतून उडून गेला. तुमच्या नियमाने तो पार्किंगमध्येच संपला असता.

पाणथळ

ताई, उडून गेला इथपर्यंत तुम्ही पाहिलंत. पुढे त्याला अळी कुठल्या पानाखाली असते हे माहीत होतं का? शिक्रा आला की इतर बुलबुल जो गजर करतात, तो ऐकल्यावर झुडपात घुसायचं हे त्याला कोणी शिकवलं? एकट्याने माणसाच्या हातावर वाढलेलं पिल्लू माणसालाच आपलं समजायला लागतं. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी हंसांच्या पिल्लांवर हे दाखवून दिलं, पुढे 1973 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. हंसाची गोष्ट बुलबुलाला जशीच्या तशी लागू नाही, मान्य. पण माणसाळलेली साळुंकी अनोळखी माणसाच्या खांद्यावर जाऊन बसते, आणि प्रत्येक खांदा सुमेधाताईंचा नसतो.

छाटणीबद्दल शंभर टक्के सहमत. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात 2022 मध्ये रस्ता रुंद करताना झाड पाडलं, त्यावरची पाणपक्ष्यांची पिल्लं रस्त्यावर आपटून मेली. व्हिडिओ फिरला म्हणून देशभर बोंब झाली, व्हिडिओ नसता तर कळलंही नसतं. त्यासाठी महापालिकेशी भांडू या. पण ते भांडण वेगळं आणि खोक्यातलं पिल्लू वेगळं.

गुरांचा_डॉक्टर

सातारा जिल्ह्यात जनावरांची प्रॅक्टिस करतो. उन्हाळ्यात गाई-म्हशींच्या रांगेत एखादं खोकं असतंच, म्हणून दोघांनाही चार शब्द.

आधी सुमेधाताईंच्या बाजूने. मांजराने तोंडात धरलेलं पिल्लू, वरून जखम दिसत नसली तरी, तिथेच ठेवायचं नाही. मांजराच्या लाळेतले जंतू पक्ष्याच्या रक्तात गेले तर एक-दोन दिवसांत खेळ खलास. त्याला लगेच अँटिबायोटिक लागतं आणि डोस वजनावर ठरतो. घरातल्या गोळीचा तुकडा चालत नाही.

पाणथळराव, तुमच्या नियमाला मोठं भोक आहे: पाकोळी. जुन्या इमारतीच्या सज्जाखाली लाळेने चिकटवलेल्या पिसं-गवताची घरटी असतात ना, ती. पाकोळीचं पिल्लू पूर्ण पिसांचं असलं तरी जमिनीवर त्याची शाळाबिळा काही नसते. पाय इतके तोकडे की चालता येत नाही, फांदीवर बसता येत नाही, आणि आईबाप जमिनीवर उतरून भरवत नाहीत. ते पडलं म्हणजे पडलं. तिथे हात मागे ठेवलात तर ते मेलंच. घुबडाचं पिल्लू रस्त्याकडेला दिसलं तरी तेच, निदान उंचावर आडोशाला तरी ठेवा.

आता खोकंवाल्यांसाठी. दूध बंद. पक्ष्यांना दूध पचत नाही, हगवण लागून पिल्लू सुकतं. पाणी ड्रॉपरने तोंडात सोडू नका. पिल्लाने चोच उघडली की जिभेच्या मुळाशी बारीक चीर दिसेल, श्वासाबरोबर उघडते-मिटते. ती श्वासनलिका. थेंब तिथे गेला की फुप्फुसात. हाताला गार लागणाऱ्या पिल्लाला काहीही भरवायचं नाही, आधी ऊब. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, अंगाला चिकटवून नको. उघड्या कातडीच्या पिल्लाला उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दर वीस-तीस मिनिटांनी घास लागतो. ऑफिसला जाणाऱ्या माणसाने हे मनातून काढून टाकावं.

पोळी-भातावर महिना काढलेले कावळे माझ्याकडे येतात. पायाची हाडं धनुष्यासारखी वाकलेली, बोटं मिटलेली, उभं राहता येत नाही. पोट भरलं, कॅल्शियम शून्य. असा पक्षी उपचाराने सरळ होत नाही. आणणारा माणूस म्हणतो, डॉक्टर, खात तर मस्त होता.

कबुतराच्या पिल्लाबद्दलही लोक हमखास फसतात. ते चोच वासून बसत नाही, उलट आपली चोच आईच्या तोंडात खुपसून खातं. तुम्ही ते तोंड उघडेल म्हणून वाट बघता आणि ते उपाशी राहतं.

रानमेवा

अवांतर वाटेल, पण भारद्वाजाच्या पिल्लांनाही भूक लागते हो. तो दुसऱ्यांच्या घरट्यातली पिल्लं नाही खाणार तर काय वरण-भात खाणार? लहान पक्ष्यांची निम्म्याहून जास्त पिल्लं पहिलं वर्षही पाहत नाहीत. सगळी जगली असती तर गावात बुलबुलांशिवाय काही दिसलं नसतं. एका पिल्लावर घर डोक्यावर घेणाऱ्यांना घरट्याची जागा, किडे, झाडं याबद्दल एक शब्द बोलायचा नसतो. बागेत कीटकनाशक मारून झाल्यावर पिल्लासाठी अळ्या शोधत फिरणारे लोक मी पाहिलेत.

सुमेधा_डोंबिवली

भारद्वाज हा निसर्ग. मासळीची डोकी खाऊन गलेलठ्ठ झालेलं, भूक नसताना मारणारं मांजर हा निसर्ग नाही. ती आपणच जमवलेली आहेत. तेव्हा त्या पिल्लाची जबाबदारीही आपलीच, यात कुठे चुकतंय ते सांगा.

डॉक्टर, धन्यवाद. दूध मी दिलं नव्हतं. पाणी ड्रॉपरने दिलं होतं.

पाणथळ

पाकोळीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, धाग्यात दुरुस्ती करतो. मांजराने धरलेलं पिल्लू उचला, हेही मान्य.

पण ताई, मांजरं आहेत म्हणून पिल्लू तिसऱ्या मजल्यावर न्यायचं, हा उपाय नाही. ते पिल्लू उचलून त्याच आवारात उंच झुडपात किंवा पत्र्याच्या शेडवर ठेवा. आईबाप आवाजावरून शोधतात, दहा-पंधरा फुटांनी त्यांचं काही अडत नाही. आणि मासळीची डोकी बंद करा, मांजरांची नसबंदी करून घ्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे बोलायला पिल्लू वाढवण्यापेक्षा जास्त धाडस लागतं, एवढं खरं.

ऑरेंज_सिटी

मे महिन्यात नागपूरले या अन् मग सांगा हात मागे ठेवायचं. पारा पंचेचाळिसावर गेला की पिल्लंच काय, मोठ्या घारी अन् पोपट झाडाखाली चोच वासून पडलेले दिसतात. तिथे आई बघून उपयोग काय, आई स्वतःच धापा टाकून राहिली. आमच्या इथे सेमिनरी हिल्सवर वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे जंगली पशुपक्ष्यांचा दवाखाना, आहे, तिथे नेऊन देतो. सावली, हवेशीर खोकं, अन् नेऊन देणं. घरी ठेवायचं काम नाही. म्हणजे उचलायचं बी अन् पाळायचं बी नाही, असा तिसरा रस्ता हाय ना भाऊ.

अटलांटिकपार

इकडे अमेरिकेत रॉबिनचं पिल्लू घरी ठेवून वाढवणं 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्यात बसत नाही. त्यासाठी परवाना असलेली माणसं असतात, त्यांच्याकडे नेऊन द्यायचं. माझ्या मुलीने पिल्लू आणलं तेव्हा फोनवर पहिला प्रश्न आला, पिसं आहेत का? आहेत म्हटल्यावर, मग परत ठेवा. झालं.

गुरांचा_डॉक्टर

तुमच्याकडे फोन उचलणारा माणूस आहे. इथे पुण्या-मुंबईत, नागपुरात सोय आहे. तालुक्याच्या गावी पक्ष्याचं खोकं घेऊन माणूस जातो कुठे? माझ्याकडे, आणि मी शिकलो म्हशी. वनखात्याचा 1926 हा नंबर सगळ्यांनी मोबाइलमध्ये ठेवावा, हे मात्र सांगतो. फोन केल्यावर गाडी येईपर्यंत काय करायचं ते वर लिहिलं आहे: ऊब, अंधार, शांतता. फोटोसेशन नाही. माणसाच्या हातात पिल्लू गप्प बसतं, ते लाडाने नाही, भीतीने.

कट्ट्यावरचे_काका

कायद्याचं कोणी बोललंच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972. त्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पकडणंही येतं. कंठवाला पोपट तर पिंजऱ्यात ठेवणं सरळ गुन्हा. तरी आमच्या वाड्यात प्रत्येक पिंजऱ्याची गोष्ट एकच: 'झाडाखाली सापडला हो, मांजर खाणार होतं, म्हणून आणला.' इतकी पोपटाची पिल्लं झाडाखाली पडत असती तर रस्ते हिरवे दिसले असते. ढोलीतून काढून विकणारा विकतो, घेणारा त्याला वाचवलं म्हणतो. खोक्यातल्या पिल्लाचं कौतुक करणाऱ्यांनी हाही विचार करावा.

सुमेधा_डोंबिवली

काका, म्हणजे मी आणि पिंजऱ्यातले पोपटवाले एकाच माळेत? मी दार उघडं ठेवलं होतं.

कट्ट्यावरचे_काका

तुम्ही नाही हो ताई. पण तुमचा फोटो बघून पुढचा माणूस दार बंद ठेवतो, हे सांगतोय.

रानमेवा

कोकिळेचं एक राहिलंच. कावळ्याच्या घरट्यातलं कोकिळेचं काळपट पिल्लू खाली येतं, भोवती कावळे ओरडतात, आणि लोक काठ्या घेऊन 'कावळे मारतायत' म्हणून त्याला सोडवतात. अहो, ते त्याला भरवायला आलेले असतात! त्या पिल्लाला भरवणारं तेवढंच कोणीतरी होतं, तुम्ही त्यालाच हाकललंत.

पाणथळ

तर सुधारित धागा असा: पिसं आलेलं पिल्लू तिथेच राहू द्या. पाकोळी, घुबड, मांजराने धरलेलं, उष्माघाताचं, जखमी एवढी वगळून.

सुमेधा_डोंबिवली

आणि मांजरं असलेली आवारं वगळून, छाटणीवाले रस्ते वगळून. उरलं काय?

कट्ट्यावरचे_काका

कावळा. आमच्या गल्लीत कावळ्याचं पिल्लू खाली उतरलं की लोक छत्री उघडून दूध आणायला जातात. त्याला उचलून खोक्यात घालायची आजवर कोणाची टाप झालेली नाही.