सूर्याभोवती कवच बांधणे कितपत शक्य आहे?

प्रश्न: भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी १९६० साली मांडलेल्या कल्पनेप्रमाणे ताऱ्याची सगळी ऊर्जा अडवणारी रचना खरोखर उभारता येईल का, की त्यासाठी साहित्यच पुरणार नाही?

प्रतिसाद १: अखंड कवचाचा विचार सोडून द्यावा. कवच आणि तारा यांना आपापल्या जागी धरून ठेवणारे निव्वळ गुरुत्वबल शून्य असते, त्यामुळे जरासा धक्का बसला तरी कवच सरकत जाऊन अखेर ताऱ्यावर आदळेल. डायसन यांच्याही मनात स्वतंत्र कक्षांत फिरणाऱ्या वस्तूंचा थवाच होता.

प्रतिसाद २: साहित्याचा हिशेब मी करून पाहिला. संपूर्ण बुध ग्रह पृथ्वीच्या कक्षेएवढ्या गोलावर पसरला, तर दर चौरस मीटरच्या वाट्याला जेमतेम १.२ किलो येते, म्हणजे किराणा दुकानातल्या साखरेच्या पुड्याहून थोडे अधिक. पातळ आरशांना तेवढे पुष्कळ झाले. खरी अडचण उष्णतेची आहे, कारण शोषलेली ऊर्जा अवरक्त किरणांच्या (डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्ण किरणांच्या) रूपाने बाहेर टाकावीच लागते, आणि अशा रचना शोधताना खगोलशास्त्रज्ञ तिचाच माग काढतात.

प्रतिसाद ३: केआयसी ८४६२८५२ या ताऱ्याचा प्रकाश मंदावलेला आढळला, तेव्हा त्याभोवती परग्रहवासीयांनी अशीच रचना उभारली असावी, अशी शंका घेतली गेली होती. परंतु घन रचनेने सगळे रंग सारखेच अडवले असते, आणि इथे निळा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक मंदावत असल्याने ते बारीक धुळीचे काम ठरले. मला त्याची मनापासून हळहळ वाटली.